पडद्यावरचे चौकोन आणि देवनागरी अक्षर

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने सिंक्लेअर स्पेक्ट्रम या ब्रिटिश घरगुती संगणकाची परवान्याने तयार केलेली आवृत्ती भारतात आणली. घरातील दूरचित्रवाणी संच हाच त्याचा पडदा. त्यावर एक रंगीत आकृती दुसरीजवळून सरकली की तिच्याभोवतीचा चौकोनी भाग अकस्मात रंग बदलत असे. हा संचाचा बिघाड नव्हे. त्याचे कारण संगणकाच्या स्मृतिरचनेत होते.

या पडद्यावर आडवे २५६ व उभे १९२ बिंदू मावत. प्रत्येक बिंदूला १५ रंगांपैकी हवा तो रंग द्यावयाचा तर २४,५७६ बाइट, म्हणजे ४८ किलोबाइट स्मृतीचा निम्मा भाग खर्ची पडला असता. म्हणून बिंदूंचा आकृतिबंध ६,१४४ बाइटांत साठविला गेला आणि रंग मात्र ८ × ८ बिंदूंच्या ७६८ चौकटींना वाटून दिले गेले. एका चौकटीत ‘शाई’चा एक व ‘कागदा’चा एक, असे दोनच रंग राहू शकत. तिसरा आला की आधीच्या दोहोंपैकी एक लोपे. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले, तरी कृष्णधवल संच पुष्कळ घरांत होते. त्यांवर हेच चौकोन करड्या छटांत उमटत.

चौकटीचे हे माप रोमन अक्षराला पुरेसे होते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार व अनुस्वार, तर खाली उकार येतात. आठ ओळींत हे सारे सुवाच्य बसत नाही. एकावर एक दोन चौकटी घेतल्या तर पडद्यावरील २४ ओळींच्या १२ होतात. वापरणाऱ्याने स्वतः आखावयाच्या चिन्हांसाठी राखलेल्या जागा २१. मराठीतील व्यंजनेच ३४. समजा, ‘अंक’ या शब्दातील अनुस्वार तांबडा दाखवावयाचा आहे. अनुस्वार व शिरोरेषा एकाच चौकटीत आल्यास शिरोरेषेचा तेवढा तुकडाही तांबडा होई.

ही मर्यादा एका यंत्रापुरती नव्हती. आयआयटी कानपूर येथे विकसित झालेल्या व पुढे पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) प्रसृत केलेल्या जिस्ट तंत्राला भारतीय लिप्यांसाठी संगणकात वेगळे कार्ड बसवावे लागले. त्यामुळे जुन्या पडद्यांच्या प्रतिमा जतन करताना हे चौकोन पुसून टाकणे इष्ट नव्हे. यंत्राची चौकट कोणत्या लिपीच्या मापाने आखली होती, याचा तो पुरावा होय.