बाळंतपणानंतरचा व्यायाम : आधी पाया, मग भार

ढोकीसारख्या बाजारपेठेच्या गावात सव्वा महिना सरला की सून घरकामाला, दुकानाला लागते. पोट उतरावे म्हणून व्यायामही सुरू करते. परंतु खोकताना, शिंकताना लघवी निसटत असेल, अंग बाहेर येत असल्यासारखे जड वाटत असेल, तर ते लपवू नये. गर्भाशय व मूत्राशय तोलून धरणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू गर्भारपणात व प्रसूतीत ताणले जातात. सीझर झालेल्या मातेलाही हा त्रास होऊ शकतो.

अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली यावर साधा व्यायाम मांडला. लघवी व वायू रोखल्याप्रमाणे हे स्नायू आत व वर ओढावेत, श्वास न कोंडता जमेल तितके धरावेत, मग पूर्ण सैल सोडावेत. हळूहळू १० सेकंदांपर्यंत जावे. असे ८-१० वेळा, दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने करावे. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा सराव करू नये.

चालणे हितकर. दोरीच्या उड्या, पोटाचे जोरकस व्यायाम, तेलाचा डबा वा भरलेली घागर उचलणे लांबणीवर टाकावे. उचलावेच लागले तर उचलताना श्वास सोडावा. शौचाला कुंथू नये. त्रास वाढल्यास व्यायाम थांबवून धाराशिव वा लातूरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. सासूबाईंनीच आपणहून विचारपूस केली, तर सुनेचा निम्मा संकोच तेथेच सरेल.