गोल बसायची जागा

पहाटे साडेपाच

भाकऱ्या थापत असतानाच फोन वाजतो. "ताई, आज बैठक हाय नव्हं? का पावसामुळं ऱ्हाऊ द्यायची?" बचत गटाची बैठक आहे, मी सांगते. श्रावण सरत आलाय, लावणी उरकून बेणणी चालू आहे. लावणीच्या दिवसांत बाया रात्री नऊला यायच्या आणि हप्ता मोजता मोजता बसल्या जागी पेंगायच्या. आता दुपारचे दोन तास मिळतात. ते दोन तास मला सोडायचे नाहीत.

नसरापुरातून मला दोन्हीकडे जाता येतं, एका हाताला भोर, दुसऱ्या हाताला वेल्हे. कागदोपत्री वेल्ह्याचा राजगड तालुका झालाय, बायांच्या तोंडी मात्र वेल्हेच. रजिस्टरं दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळते, शाईचं पॅड डब्याखाली ठेवते. गेल्या वर्षी एक रजिस्टर भिजलं आणि अकरा जणींचा सहा महिन्यांचा हिशेब आम्ही आठवणीतून पुन्हा मांडला. कुणाचा रुपया चुकला नाही, पण ती रात्र नको.

सकाळी साडेनऊ, भोर

दवाखान्याच्या बाकावर हिरडस मावळातून आलेल्या दोघी बसल्यात. एकीला पायऱ्या चढताना दम लागतो, दुसरी नुसती सोबत म्हणून आलीय. पहिलीचं रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेसात. आठच्या खाली गेलं की ते गंभीर धरतात. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी भरलं होतं. आपल्या बायांना मात्र तो आजार वाटतच नाही, "बाईमाणसाला थकवा असायचाच" म्हणतात.

गोळ्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, हे मी तीनदा सांगते. लोह चहाने अंगी लागत नाही. चहा सोडायचा म्हटल्यावर तिचा चेहरा पडतो, म्हणून तासाभराच्या अंतरावर तडजोड होते.

येण्याजाण्याचे आणि औषधाचे 500 रुपये तिने गटातून उचललेत. घरात मागितले असते तर "एवढं काय झालंय तुला?" हे ऐकावं लागलं असतं. गटाचं कर्ज म्हटलं की घरचेही फारसं अडवत नाहीत. शेकडा दोन रुपये व्याज ती भरेल, आणि त्या बदल्यात कुणाची परवानगी न मागता बाकावर येऊन बसेल.

दुपारी बारा

कापूरहोळ, चेलाडी फाटा, मार्गासनी, विंझर. गाडी हळू, रस्त्यावर पाणी. तोरणा ढगात.

दुपारी दोन, वेल्ह्याच्या वरची वाडी

समाजमंदिर बाहेरून बंद आहे, किल्ली ज्याच्याकडे तो पुण्याला गेलाय. म्हणून एका मावशींच्या पडवीत ताडपत्री अंथरतो. सतराजणी गोल बसतात. मधे पत्र्याची पेटी.

मला या गोल बसण्याबद्दल फार वाटतं. पूर्वी पाणवठ्यावर बाया भेटायच्या. दारात नळ आला, डोक्यावरचा हंडा उतरला, ते उत्तमच झालं. पण हंडा भरेपर्यंत जे बोलणं व्हायचं, ते कुठे गेलं? पारावर पुरुष बसतात. देवळात बसायचं तर भजनापुरतं. हळदीकुंकवाला बोलावतात, पण सगळ्यांना नाही. ज्ञान प्रबोधिनी या संस्थेने नव्वदच्या दशकात या पट्ट्यात बचत गट बांधायला घेतले, पुढे 2011मध्ये शासनाचं उमेद अभियान आलं. पैशाची शिस्त लागली, बँक ओळखू लागली, हे सगळं खरंच. मला त्याहून मोठं वाटतं ते हे की महिन्यातून एकदा बाईला घराबाहेर बसायला एक कारण मिळालं, आणि त्या कारणावर कुणी बोट ठेवू शकत नाही. ती हिशेबाला गेलीय.

आज पाच महिन्यांनी एक पोर परत आलीय. तिशीच्या आतली. मार्चमध्ये नवरा गेला. तेव्हापासून ती शेत आणि घर, एवढंच. सासूने आज स्वतः पाठवली. आल्यावर ती गोलात बसली नाही, उंबऱ्याजवळ भिंतीला टेकली.

कुणी काही विचारलं नाही. मावशींनी फक्त सरकून जागा केली आणि ताडपत्रीवर हात आपटला, "इकडं ये, तिथं पागोळी गळतीय." ती उठून आली.

हप्त्याची पाळी तिच्यापर्यंत आली तेव्हा तिने कनवटीची पिशवी काढली. दोरी ओली होऊन घट्ट बसलेली, नखाने सुटेना. सगळ्या थांबल्या. आतून शंभराच्या पाच नोटा निघाल्या, घडी करकरून चौकोनी झालेल्या, आणि वर पन्नासची एक.

"ही पन्नास कसली?" सचिव बाईंनी विचारलं.

"दंड. पाच महिनं आले न्हाई. दहा रुपयं परमानं."

गैरहजरीचा दंड गटाचाच नियम, मीच त्यांच्याकडून लिहून घेतलेला. मी तोंड उघडायच्या आत अध्यक्षबाई बोलल्या, "नियम घरी बसलेलीला हाय. ही घरी बसलेली नव्हती." मग ठराव झाला, सतरा अंगठे-सह्या पडल्या. पन्नासची नोट तिच्या हातात परत गेली. तेव्हा ती रडली. पाच महिन्यांत पहिल्यांदा, असं तीच म्हणाली. घरात रडलं की सासू खचते, म्हणून ती शेताच्या बांधावरसुद्धा रडायची नाही.

मी हेरवाडची गोष्ट सांगितली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या या गावाने मे 2022मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद केलं, आणि मग शासनानेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. बाया गप्प ऐकत होत्या. एकजण म्हणाली, "आपल्या ग्रामसभेत बाया बसत्यात कुठं?" दुसरी म्हणाली, "तर आधी बसू." 15 ऑगस्टची गेली, आता 2 ऑक्टोबरची धरायची असं ठरलं. आठजणी येतो म्हणाल्या. आठातल्या चार आल्या तरी मी मानेन.

साडेचार

पेटीला कुलूप लागल्यावर खरी बैठक होते. एकजण चपला घालता घालता रेंगाळते, गाडीपर्यंत सोबत येते. नवरा पिऊन मारतो. तक्रार नको, फक्त घरातून काढलं तर काय, एवढंच तिला हवंय. 2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सासरच्या घरात राहायचा तिचा हक्क आहे, घर कुणाच्या का नावावर असेना, हे मी तिला सावकाश सांगते. महिला हेल्पलाइनचा 181 आकडा ती पाठ करते. लिहून घेत नाही. कागद सापडला तर पंचाईत.

रात्री साडेआठ

ओली रजिस्टरं चुलीजवळ उघडी ठेवलीत. आजच्या पानावर दंडाच्या रकान्यात मी शून्य लिहिते.

फोन येतो, मावशींचा. त्यांचं घर ओढ्याच्या अलीकडे, त्या पोरीचं पलीकडे. ओढ्याला पाणी वाढलंय, मला घोर लागलाय हे त्यांनी ओळखलंय.

"पोचली गं ती. दिवा लावलाय तिनं, मला हितनं दिसतोय. तू जेवलीस का?"