मोजू या नीट (भाग ९) : फायबरच्या पोटातला टेलिफोन

गेल्या आठवड्यात बिट आणि बाइट यांच्यातला आठपटीचा फरक पाहिला. आज तो हाताशी ठेवून एक रूपांतर करू. फायबरवरच्या दूरसंचार यंत्रणेत एसटीएम-१ नावाचा एक पायाभूत वेग आहे, सेकंदाला १५५.५२ मेगाबिट. जुन्या डायल-अप मोडेमचा सर्वांत वरचा वेग ५६ किलोबिट. दोन्हीकडे किलो म्हणजे १०००च, १०२४ नव्हे. भागाकार केला की २७७७ येतात. म्हणजे एका एसटीएम-१ मध्ये २७७७ मोडेम मावतात?

नाही मावत. टेलिफोनच्या जाळ्यातून अशी एक जोडणी जास्तीत जास्त १८९० मोडेमची बोलणी एका वेळी वाहून नेऊ शकत असे. भागाकार बरोबर आहे आणि उत्तर चुकीचे. असे का, हे कळण्यासाठी टेलिफोनपर्यंत मागे जावे लागते.

टेलिफोनवर माणसाचा सगळा आवाज जात नसे. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पुढे सोडत. एक्स्चेंज डिजिटल झाली तेव्हा हा आवाज आकड्यांत उतरवायचा होता. नियम असा की सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त वेळा नमुने घ्यावे लागतात. ३४००ची दुप्पट ६८००, थोडी मोकळीक ठेवून ठरले सेकंदाला ८०००. प्रत्येक नमुना आठ बिटांचा. आठ हजार गुणिले आठ, म्हणजे ६४ किलोबिट. एका बोलण्याची ही जागा जगभर ठरून गेली.

मोडेम या जागेत भाडेकरू म्हणून राहत होता. १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात इंटरनेट लोकांसाठी खुले केले, तेव्हा मुंबईतला डायल-अप ग्राहक ९.६ किलोबिटवर जोडला जाई. पण एक्स्चेंजच्या लेखी तो फोनवर बोलणारा एक माणूस होता. त्याच्यासाठी पुढे पूर्ण ६४ किलोबिट अडवून ठेवले जात. १९९८ मध्ये ५६ किलोबिटसाठी व्ही.९० हे मानक आले. हा ५६ आकडाही त्याच हिशोबातला आहे, ८००० गुणिले ७. आठवा बिट का नाही? एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या तांब्याच्या तारेवर इतके बारीक फरक खरखरीत हरवून जात. तुमच्याकडून उलट जाणारी माहिती तर ३३.६ वरच थांबे, कारण तिकडे आवाजाचे आकडे करतानाच चूक शिरत असे.

आता फायबरकडे या. १९८८ मध्ये एसटीएम-१ चे आंतरराष्ट्रीय मानक ठरले तेव्हा ते बनवणाऱ्यांनी या ८००० ला हात लावला नाही. माहितीची एक चौकट आखली, ९ ओळी आणि २७० स्तंभांची, म्हणजे २४३० बाइटची. ही चौकट सेकंदाला ८००० वेळा पाठवायची. २४३० गुणिले ८ गुणिले ८०००, झाले १५५.५२ मेगाबिट. चौकटीतला एक बाइट म्हणजे एका बोलण्याचा एक नमुना. मला ही रचना अतिशय सुंदर वाटते. काचेतून जाणारा प्रकाशही माणसाच्या आवाजाच्या ठेक्यावर चालतो.

या चौकटीत २ मेगाबिटचे ६३ गठ्ठे बसत आणि प्रत्येक गठ्ठ्यात ३० बोलणी. ६३ गुणिले ३०, हेच ते १८९०. उरलेली जागा गठ्ठे ओळखण्यात, जुळवण्यात आणि देखरेखीत जाते. म्हणून सुरुवातीच्या भागाकारातला २७७७ हा आकडा वेगांची तुलना म्हणून घ्यावा, किती मोडेम बसतील याचे उत्तर म्हणून घेऊ नये.

शिवाय १५५.५२ हा फायबरचा वेग नव्हे. तो दोन टोकांच्या यंत्रांचा वेग. टोकाची यंत्रे बदलली की त्याच धाग्यावरून सोळापट, २४८८.३२ मेगाबिट जातात. डायल-अपमध्ये मोडेम बदलून अशी उडी मारता येत नव्हती, तिथे वाटेतले ६४ चे कुंपणच आड येई.

घरगुती हिशोबही करून पाहा. पाच मेगाबाइटचे गाणे म्हणजे ४० मेगाबिट. ५६ किलोबिटने त्याला जवळपास १२ मिनिटे लागत, आणि तेही लाइन न तुटता. १०० मेगाबिटच्या फायबरवर ०.४ सेकंद.

घरच्या फायबरच्या डब्यावर ‘पॉन’ असे लिहिलेला दिवा असेल तर तो जरूर पाहा. अनेक घरांत जी जीपॉन पद्धत आहे, तिचा घराकडे येणारा वेग बरोबर २४८८.३२ मेगाबिट आहे. हा वेग एका धाग्यावरची अनेक घरे वाटून घेतात. तिची एक चौकट ३८,८८० बाइटची असते आणि ती सेकंदाला ८००० वेळा येते.