संगणकाला कसं कळतं, तुम्ही कुठे अडलात?

दोस्तांनो, आधी एक प्रयोग करू या. मूठभर चिंचोके घ्या. मित्राला डोळे मिटायला सांगा आणि त्याच्यापुढे तीन चिंचोके ठेवा. त्यानं डोळे उघडले रे उघडले की चिंचोके हातानं झाका. "किती होते?" तो पटकन सांगेल, "तीन!" आता सात ठेवून बघा. "सहा... नाही, आठ!" झाली ना गडबड?

असं का होतं? तीन-चार वस्तू आपल्या नजरेला न मोजताच कळतात. त्यापुढे मात्र एकेक करून मोजावं लागतं, नाहीतर गट पाडावे लागतात. चार आणि तीन, सात!

लहान मुलांना गणित शिकवणारे संगणकावरचे काही खेळ हीच गंमत वापरतात. पडद्यावर ठिपके चमकतात आणि लगेच गायब होतात. एकेक मोजायला वेळच मिळत नाही, म्हणून नजर गट पाडायला लागते. पाच म्हणजे तीन आणि दोन, किंवा चार आणि एक, हे खेळता खेळता डोक्यात बसतं. बेरजेचा पाया असा घातला जातो.

दुसरा खेळ संख्यारेषेचा. एका टोकाला 0, दुसऱ्या टोकाला 100. संगणक विचारतो, "10 कुठे येईल?" लहान मुलं 10 ला बरंच पुढे, पार मधल्या भागाकडे नेऊन ठेवतात. लहान संख्या ओळखीच्या असतात, म्हणून त्यांना ऐसपैस जागा मिळते. मोठ्या संख्या मात्र शेवटी दाटीवाटीनं उभ्या राहतात. आपल्याकडे रेल्वेनं जाताना सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्टेशनं ठरलेल्या क्रमानं येतात, तशाच संख्याही रेषेवर क्रमानं येतात. फरक इतकाच, की इथे एका संख्येपासून पुढच्या संख्येपर्यंतचं अंतर सगळीकडे अगदी सारखं असतं. तुम्ही 10 चुकीच्या जागी ठेवले, की खेळ तिथल्या तिथे खरी जागा दाखवतो. दहा-वीस वेळा खेळलात की अंदाज आपोआप सुधारतो.

आता खरं नवल ऐका. अ‍ॅना विल्सन आणि स्तानिस्लास देहान या मेंदूच्या अभ्यासकांनी 'नंबर रेस' नावाचा एक खेळ तयार केला. त्यात दोन ढिगांपैकी मोठा कोणता, हे प्रतिस्पर्ध्याच्या आधी ओळखायचं असतं. तुम्ही भराभर जिंकायला लागलात, की संगणक दोन ढिगांमधला फरक कमी करतो आणि वेळही कमी देतो. तुम्ही हरायला लागलात, की तो प्रश्न सोपे करतो. साधारण चारांतली तीन उत्तरं बरोबर यावीत, असा त्याचा हिशेब असतो. सगळंच सोपं असलं तर कंटाळा येतो आणि सगळंच अवघड असलं तर रडू येतं! संगणकाला तुमच्या मनातलं काही कळत नाही. तो फक्त तुमची उत्तरं आणि त्यांना लागलेला वेळ नोंदवत राहतो.

पण अशा खेळांनी खरंच गणित येतं का? वडोदऱ्याच्या महापालिका शाळांमध्ये 2002 पासून दोन वर्षं हे तपासून पाहिलं गेलं. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेनं चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास गणिताचे खेळ खेळायला दिले. एका संगणकावर दोघं दोघं बसायची. मुलांचं गणित चांगलंच सुधारलं, दुसऱ्या वर्षी तर पहिल्या वर्षापेक्षाही जास्त. मात्र खेळ थांबल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला. हा अभ्यास करणाऱ्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते. पुढे 2019 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

दिल्लीतल्या बालवाड्यांमध्येही एक प्रयोग झाला. तिथे संगणक नव्हते, ठिपक्यांचे आणि आकारांचे साधे खेळ होते. मुलं 'जास्त कुठे, कमी कुठे' हे ओळखण्यात तरबेज झाली आणि ते कौशल्य टिकलंही. पण शाळेतल्या आकड्यांच्या गणितात त्याचा उपयोग झाला नाही. म्हणजे नुसते ठिपके ओळखून भागत नाही. सात ठिपके, 'सात' हा शब्द आणि 7 हा आकडा या तिघांची गाठ पडायला हवी.

म्हणून परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी, कुठल्याही गावच्या दोस्तांनो, शाळेत संगणक असेल तर गुरुजींना किंवा बाईंना 'जीकॉम्प्री'बद्दल विचारा. 2000 साली एका फ्रेंच प्रोग्रामरनं सुरू केलेला हा खेळांचा संच फुकट मिळतो आणि एकदा संगणकावर घातला की इंटरनेटशिवायही चालतो. दोघं मिळून खेळा. उत्तर मोठ्यानं म्हणा, का आलं तेही एकमेकांना सांगा आणि मग वहीत आकड्यांत लिहा. चुकलात तर पुढचं बटण दाबायची घाई करू नका, कुठे चुकलं ते आधी बघा. आणि संगणक नसेल तर अडून बसू नका. चिंचोके आहेत, वही आहे, धाकटं भावंड आहे. आजच त्याच्याशी खेळायला बसा!