दीपपूजन आणि भिंतीवरची जुनी तार

आषाढातील अमावास्या म्हणजे दीपपूजनाचा दिवस. कोनाड्यांतील निरांजने, समया, लामणदिवे आज बाहेर निघतात, चिंचेने घासून लख्ख होतात, पाटावर मांडून गंधाक्षतांनी पुजले जातात. कणकेचे गोड दिवे नैवेद्याला होतात आणि अनेक घरी माता आपल्या लेकरांना ओवाळतात. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यात या दिवसाची शोभा काही आगळीच. विधीचा आशय सरळ आहे : जे साधन वर्षभर उजेड देते, त्याची वर्षातून एकदा तरी कृतज्ञतेने निगा राखावी. वात काजळली असेल तर बदलावी. समई गळत असेल तर तिला डाख लावून घ्यावा.

परंतु आज घरातील बहुतेक उजेड समईतून नव्हे, तारेतून येतो. त्या तारेची निगा कोण राखतो?

भंडारा, पवनी, तुमसर येथील जुन्या वस्त्यांतून मातीच्या जाड भिंतींची, सागवानी वाशांची, कवेलूंची घरे अजून उभी आहेत. पन्नास-साठ वर्षांपूर्वी अशा घरांत वीज आली ती दोन-चार दिवे आणि एखादा पंखा यांपुरती. लाकडी पट्टीवर खिळलेली, रबर व कापडाचे वेष्टन असलेली तार त्या काळी पुरेशी होती. वेष्टनाचे ते रबर मात्र वयोमानाने वाळते, कडक होते, तडकते. घरात धानाची कोठी असली म्हणजे उंदीर आलेच. तेही तारा कुरतडतात. मग आषाढ-श्रावणाच्या झडीत भिंत ओलावते, आणि उघड्या पडलेल्या तारेतील वीज भिंतीत, पत्र्यात, खिडकीच्या गजात उतरू लागते.

दुसरीकडे घराचा भार कितीतरी वाढला आहे. २००० वॉटचा एक गीझर म्हणजे ६० वॉटचे तेहतीस दिवे एकदम लावण्यासारखे होय. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात उत्पन्न होणारी उष्णता चौपट होते. अशा वेळी फ्यूज वितळला तर तो आपले कर्तव्यच बजावत असतो. पण ‘वारंवार उडतो’ म्हणून त्यात जाड तार अडकवली जाते. पहारेकऱ्याचे हातपाय बांधून निश्चिंत झोपावे, तसे हे आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात पाण्याने भरलेला लोखंडी कूलर अर्थिंगवाचून चालवणे, हाही याच जातीचा प्रकार.

विजेची आग किती निर्दय असते, हे या जिल्ह्यास नव्याने सांगावयास नको. ९ जानेवारी २०२१ रोजी उत्तररात्री भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षास आग लागली. १७ बालकांपैकी ७ वाचली, १० गेली. शासनाच्या चौकशीत आगीचे मूळ बाळांना ऊब देणाऱ्या यंत्राच्या नियंत्रण फलकातील वीजदोषात आढळले. तेथे घरगुती जुन्या तारांचा संबंध नव्हता; तरी एक गोष्ट त्या रात्रीने सर्वांना शिकवली. विजेचा दोष निजलेल्यांना जागे करून येत नाही, आणि त्याचा पहिला घाव ज्यांना उठून पळता येत नाही त्यांच्यावर पडतो. आपल्या घरांत ती लेकरे आहेत, ते वृद्ध आहेत.

म्हणून आम्ही वाचकांस सुचवू इच्छितो की, या पूजेस यंदा आणखी एका कृतीची जोड द्यावी. परवानाधारक वीज ठेकेदारास बोलावून घराच्या तारांची तपासणी करवावी. ‘मेगर’ यंत्राने वेष्टनाचा रोध मोजता येतो. तो एक मेगओहमपेक्षा कमी भरला तर त्या तारांचे आयुष्य संपले असे समजावे. नव्या तारा मानक चिन्हाच्या, तांब्याच्या घ्याव्यात : सामान्यतः दिव्या-पंख्यांस १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या प्लगास २.५, वातानुकूलन यंत्रास ४. देवघर, स्वयंपाकघर व स्नानगृह यांचे मार्ग वेगळे असावेत. प्रत्येक मार्गास एमसीबी असावी. तथापि एमसीबी अतिभार व शॉर्टसर्किट रोखते, माणसाला बसणारा धक्का नव्हे. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि उत्तम अर्थिंग ही दोन्ही हवीत. भार वाढला असल्यास महावितरणकडून मंजूर भारही वाढवून घ्यावा.

‘वडिलांच्या हातचे घर, भिंती कशा फोडाव्या?’ असा संकोच पुष्कळांस वाटतो, आणि तो आदरणीय आहे. परंतु मातीची भिंत न फोडता तिच्यावरून नळीतून तारा नेता येतात. घराचे रूप बिघडत नाही. सगळा खर्च एकदम पेलत नसेल तर प्रथम अर्थिंग व आरसीसीबी, मग स्नानगृह व स्वयंपाकघर, शेवटी उरलेल्या खोल्या असा क्रम धरावा. जुन्या तारांवर आरसीसीबी वारंवार खाली पडू लागली तर तिला दोष देऊन काढून टाकू नये. कोठेतरी वीज गळत आहे, हेच ती सांगत असते.

पुढे गणेशचतुर्थी, महालक्ष्म्या, नवरात्र आणि दिवाळी असे सण ओळीने येत आहेत. मखरावर माळा चढतील, घर पाहुण्यांनी भरेल. एकाच प्लगावर चार माळा, पडद्यालगत नंदादीप, नंदादीपाच्या वर जुना बोर्ड, अशी मांडणी त्यापूर्वीच मोडावी. देवघरातील ज्योत आपण वाऱ्यापासून जपतो. तिच्या आधाराने राहणाऱ्या माणसांना भिंतीतील ज्योतीपासून जपणे हेही दीपपूजनच होय. दीपज्योती आपल्या घरी आरोग्य आणि सुख नांदवो, हीच प्रार्थना.