‘रिफर्बिश्ड’ म्हणजे काय रे भाऊ?

सुरुवातीलाच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर एडिटर मंडळींनी सुधारून घ्यावं आणि इंग्लिश शब्द जास्त झाले तर तुम्ही सांभाळून घ्यावं!

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही पाचजण भिगवणला गेलो. उजनी धरणाच्या बॅकवॉटरवर हिवाळ्यात फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, येतात हे तुम्हाला माहीत असेलच. माझ्याकडे आतेभावाने दिलेला सोनी ए ६००० आणि त्याच्यासोबतची १६-५० मि.मी. लेन्स. होडीतून दोनशे फोटो काढले. घरी येऊन बघते तर काय, पाण्यावर गुलाबी ठिपके! बाबा म्हणाले, “यात पक्षी कुठला?” झालं, त्या दिवशी ठरवलं, टेलिफोटो झूम घ्यायचीच.

निवडली ५५-२१० मि.मी. ५० ऐवजी २१० वर फोटो काढला तर तोच पक्षी फोटोत ४.२ पट मोठा दिसतो. शिवाय माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ए.पी.एस.-सी. आहे. तो ३६ × २४ मि.मी.च्या फुल फ्रेमपेक्षा दीडपट लहान, म्हणून ही लेन्स फुल फ्रेमवरच्या ३१५ मि.मी.एवढाच भाग दाखवते. वजन फक्त ३४५ ग्रॅम. इतकी हलकी कशी? २१० ला हिचं ॲपर्चर एफ/६.३ असतं. २१० ला ६.३ ने भागा, साधारण ३३ मि.मी. येतील. एफ/२.८ हवं असेल तर ७५ मि.मी. लागतील, म्हणजे काचा मोठ्या, वजन मोठं आणि बिल त्याहून मोठं!

“त्यापेक्षा डी.एस.एल.आर.ची जुनी लेन्स घे ना, स्वस्त पडते,” असं एका मित्राने सुचवलं. मुद्दा चुकीचा नाही. मिररलेसमध्ये आरसा नसल्यामुळे लेन्सचा माउंट आणि सेन्सर यांच्यातलं अंतर कमी असतं. सोनीच्या ई माउंटमध्ये ते १८ मि.मी. आहे, कॅननच्या ई.एफ.मध्ये ४४ मि.मी. मधल्या २६ मि.मी.मध्ये ॲडॅप्टर आरामात बसतो. पण त्यातून ऑटोफोकस बऱ्याचदा अडखळतो आणि उडणारा पक्षी काही आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून तो विचार सोडला.

आता मुख्य गोष्ट. दहावीच्या दोन मुलांची ॲलजिब्राची ट्यूशन घेऊन वर्षभरात चौदा हजार जमवले होते. त्यात नवी लेन्स बसत नव्हती. एका दुकानात ‘रिफर्बिश्ड’ असं लेबल लावलेली मिळाली. बाहेरून चकाचक! ट्यूबलाइटखाली बघितली, पैसे दिले, नाचत घरी आले. रात्री मोबाइलचा टॉर्च लावला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. फंगस! दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाले, “मॅडम, रिफर्बिश्ड म्हणजे थोडंफार असं असणारच.” बिलावर ना वॉरंटी, ना परत घेण्याची अट. शेवटी तीन हजार कापून त्यांनी ती परत घेतली. म्हणजे एका मुलाची जवळपास पाच महिन्यांची ट्यूशन फी गेली. बाबा काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

मग शांतपणे विचार केला. सेकंड हँड म्हणजे एकाने वापरलेली वस्तू दुसऱ्याने आहे तशी घेणं. रिफर्बिश्ड म्हणजे परत आलेली किंवा डिस्प्लेला ठेवलेली वस्तू कुणीतरी तपासली, बिघाड असेल तर दुरुस्त केला आणि मगच विकायला काढली. आपण जे जास्तीचे पैसे देतो ते या तपासणीचे. पण हा शब्द पाटीवर कोणीही लिहू शकतो! तेव्हा ‘कोणी तपासलं?’, ‘काय बदललं?’ आणि ‘बिघडलं तर कोण भरून देणार?’ या तीन प्रश्नांची उत्तरं बिलावर लेखी नसतील, तर ती वस्तू सेकंड हँडच समजा आणि भावही तसाच द्या.

शिवाय इन्स्पेक्शन आपणही करायचं. मेट्रॉलॉजीचं जर्नल काय नुसतं कॉपी करायला असतं?

१) टॉर्च : मागच्या बाजूने तिरका उजेड टाकून पुढून बघा, मग उलट. चार-दोन धुळीचे कण चालतात. धागे किंवा धुरकटपणा दिसला तर लेन्स खाली ठेवा. फंगस काचेवरचं कोटिंग खातो.

२) पेपर : भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर बरोबर समोर ठेवा, स्टॅबिलायझर बंद, ॲपर्चर पूर्ण उघडं. ५५, १३५ आणि २१० ला फोटो काढून चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच किंचित मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच बाजू पुसट असेल तर आतली काच सरकलेली असू शकते, बहुधा पडल्यामुळे.

३) स्टॅबिलायझर : ए ६००० च्या बॉडीत तो नाही, म्हणून लेन्समधला चालू हवाच. हातात धरून २१० ला १/६० वर दहा फोटो काढा, चालू ठेवून आणि बंद करून. फरक दिसलाच पाहिजे. पण तो फक्त आपल्या हाताची थरथर सांभाळतो, पक्ष्याचे पंख नाही. त्यासाठी शटर १/१००० च्या पुढेच ठेवा.

४) हात : झूम रिंग सगळीकडे सारखी फिरते का? मागचे कॉन्टॅक्ट स्वच्छ आहेत का? फोकस जवळून लांब जाताना अडकतो का?

दुसरी लेन्स घेतली ती सात दिवसांत परत करण्याची सोय आणि सहा महिन्यांची वॉरंटी बिलावर लिहून घेऊन. उरलेल्या अकरा हजारांत ती बसेना, म्हणून आणखी दोन महिने थांबले. पहिल्याच दिवशी भिंतीवर पेपर चिकटवला. आईला वाटलं, अभ्यासाला लागली! आता लेन्स राहते डाळीच्या जुन्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुण्याच्या पावसाळ्यात कापडी बॅगेत लेन्स ठेवणं म्हणजे फंगसला घरी जेवायला बोलावणं.

या जानेवारीत पुन्हा भिगवणला गेले. सकाळी उजेड कमी होता, बरेच फोटो हललेले आले. पण एका फोटोत रोहित पक्ष्याची वाकडी चोच आणि चोचीवरून ओघळणारं पाणी स्पष्ट दिसतं. बाबांनी तो फोटो मोबाइलवर मागून घेतला. यावेळीही काही बोलले नाहीत!

कोणाला लेन्स तपासून हवी असेल तर मेकॅनिकलच्या टी.ई.च्या वर्गात या. टॉर्च माझा, पेपर तुमचा. फी : एक कटिंग.