विमानाच्या इंजिनाचा हिशेब कुठे मांडायचा?

गैरसमज : खरं प्रदूषण इंजिन घडवताना होतं, कारखाने सौरऊर्जेवर आणले की निम्मं काम झालं.

कारखाने सौरऊर्जेवर यावेतच, पण आधी आकडे पाहू. एअरबस ए320निओच्या एका लीप इंजिनाचं वजन सुमारे तीन टन, म्हणजे दोन्ही इंजिनांचं सहा टन. हे विमान तासाला दोन टनांहून थोडं जास्त इंधन जाळतं. एक किलो इंधन जळताना हवेतला ऑक्सिजन घेऊन 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे ही जोडी तासाभरात स्वतःच्या वजनाहून जास्त वायू सोडते, आणि तिच्या आयुष्यात असे हजारो तास येतात. त्यापुढे बांधणीचा कार्बन किरकोळच ठरतो.

म्हणून खरा निकाल आराखड्यातच लागतो. थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा भरपूर हवा सावकाश ढकलली तर तेवढ्याच रेट्याला कमी इंधन लागतं. त्यासाठी पुढचा पंखा मोठा करून बरीचशी हवा गाभ्याच्या बाहेरून नेतात. आधीच्या पिढीच्या सीएफएम56 इंजिनात बाहेरून जाणारी हवा गाभ्यातल्या हवेच्या पाच-सहा पट होती. लीपमध्ये ती अकरा पट आहे. अशा बदलांमुळे इंधन सुमारे 15 टक्के कमी लागतं.

गैरसमज : मग कारखान्यातला अपव्यय चालून जाईल.

कार्बनपुरतं बोलायचं तर हे निम्मं खरं आहे. पण टायटॅनियमचा एक किलोचा भाग कोरून काढायला कधीकधी दहा किलोंचा ठोकळा लागतो, आणि बाकीचं सगळं स्क्रॅप. ते प्रकारानुसार वेगळं ठेवलं तरच पुन्हा विमानाच्या कामी येतं. मिसळलं की त्याची किंमत घसरते. टर्बाइनच्या पात्यांमध्ये ऱ्हेनियम हा अतिदुर्मिळ धातू असतो, तो भंगारात घालवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. जुन्या इंजिनातला 95 टक्क्यांपर्यंत माल परत मिळवता येतो आणि जवळपास निम्मा पुन्हा विमानासाठीच वापरता येतो, असं रोल्स-रॉइस सांगते. इंधन-नॉझलचं टोक पूर्वी वीसेक तुकडे जोडून बनत असे. लीपमध्ये ते थ्रीडी प्रिंटिंगने एकसंध बनतं आणि 25 टक्के हलकं असतं. स्क्रॅपही वाचतं, उड्डाणातलं इंधनही.

गैरसमज : नवं इंजिन सगळ्याच बाबतींत स्वच्छ.

ज्वलन जितकं तप्त, तितकं इंधन कमी. पण त्याच उष्णतेत हवेतल्या नायट्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडं वाढतात. एक आवरलं की दुसरं उसळतं, आणि ज्वलनकक्ष आखणाऱ्यांची कसोटी इथेच लागते.

टिकाऊपणाचा मुद्दा तर जाहिरातीत कधी येतच नाही. प्रॅट अँड व्हिटनीच्या गिअरवाल्या इंजिनांच्या काही चकत्या ज्या धातूच्या भुकटीपासून घडवल्या होत्या, तिच्यात अशुद्धी राहिल्याचं 2023 मध्ये जाहीर झालं. शेकडो विमानं तपासणीसाठी जमिनीवर आली, त्यांत इंडिगोचीही होती. मग जुनी, जास्त इंधन पिणारी विमानं आणखी काही काळ उडवावी लागली. इंधन वाचवणारं इंजिन हँगरमध्ये पडून असेल तर ती बचत कागदावरच राहते.

गैरसमज : शाश्वत इंधन टाकलं की धुराड्यातून कार्बन निघत नाही.

तो जवळजवळ तेवढाच निघतो. फरक इतकाच, की तो कार्बन वनस्पतींनी अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. 19 मे 2023 रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या विमानात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या सहभागाने बनलेलं असं इंधन होतं, तेही अगदी थोड्या प्रमाणात मिसळलेलं. एरवीही मिश्रणाची मर्यादा 50 टक्के आहे, आणि तिचं एक कारण इंजिनातच आहे : साध्या इंधनातल्या अॅरोमॅटिक घटकांमुळे रबरी सील फुगून घट्ट बसतात, ते घटक नसले की गळतीची भीती. नोव्हेंबर 2023 मध्ये व्हर्जिन अटलांटिकचं विमान लंडनहून न्यूयॉर्कला पूर्णपणे शाश्वत इंधनावर गेलं, तेव्हा त्यात 12 टक्के वनस्पतिजन्य साखरेपासून केलेलं अॅरोमॅटिक केरोसीन मुद्दाम मिसळलं होतं.